पाहिलेले धरून ठेवणारा मेंदू आणि स्मरणशक्तीचा बाजार

महाराष्ट्रातल्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही मुलांसाठी अबॅकसचे (मणी सरकवून आकडेमोड करायच्या पाटीचे), 'मेमरी'चे आणि 'ब्रेन डेव्हलपमेंट'चे वर्ग चालतात. एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती वाढेल, आत्मविश्वास वाढेल, असे त्यांच्या पत्रकांवर छापलेले असते आणि पालक प्रसंगी पदरमोड करून त्यांची फी भरतात. मुलाचे भले व्हावे या इच्छेत काहीच गैर नाही. परंतु यांतला स्मरणशक्तीविषयीचा दावा, निदान डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या बाबतीत, मेंदूविषयीच्या एका जुन्या कल्पनेवर उभा आहे. मेंदूत स्मृतीसाठी एक वेगळे कोठार आहे, त्यात काय ठेवायचे ते पुढचे पुढे, आधी व्यायामाने कोठार मोठे करून घ्यावे, अशी ती कल्पना आहे. गेल्या पंधरा-सतरा वर्षांतील संशोधनाने या कल्पनेला मोठा धक्का दिला आहे. एखादे दृश्य डोळ्यांआड झाल्यावर काही सेकंद ते मनात धरून ठेवण्याच्या कामात मेंदूचे जे भाग ते दृश्य पाहतात तेच भाग सहभागी असतात, असे आता भक्कम पुराव्यानिशी म्हणता येते. हा शोध प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहू नये, शाळेने आणि पालकांनीही तो विचारात घ्यावा, असे मला वाटते आणि त्यासाठीच हा लेख आहे.

इथे ज्या स्मृतीविषयी बोलायचे आहे तिला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती किंवा सरळ 'वर्किंग मेमरी' म्हणतात. पाठ केलेली कविता किंवा लहानपणीचे घर आठवणे ही वेगळी गोष्ट झाली. कार्यरत स्मृतीचा कारभार काही सेकंदांचा असतो. तिसरीतली मुलगी फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवते तेव्हा ती मान वर करते, दोन-तीन शब्द नजरेत घेते, मान खाली घालते आणि लिहू लागते. शब्दाचा उच्चार ती मनात घोळवू शकते, पण मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा ऐकू येत नाही. त्यामुळे वेलांटी पहिली होती की दुसरी, उकार कोणता होता, हे तिला कानाच्या भरवशावर ठरवता येत नाही. त्यासाठी अक्षराचा आकारच नजरेसमोर टिकवून धरावा लागतो, आणि तो निसटला की मान पुन्हा वर जाते. मान वर जाण्याच्या आणि खाली येण्याच्या मधल्या त्या क्षणांत जे काम चालते ते दृश्य कार्यरत स्मृतीचे काम होय.

या स्मृतीची मर्यादा कडक आहे. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ साली केलेल्या प्रयोगांत लोकांना क्षणभर रंगीत चौकोन दाखवले आणि लगेच दुसरे चित्र दाखवून काही बदलले का, असे विचारले. तीन-चार चौकोनांपर्यंत उत्तरे जवळजवळ अचूक येत होती आणि पुढे ती घसरत गेली. या मर्यादेचे स्वरूप नेमके काय, ठरावीक संख्येचे कप्पे की अनेक गोष्टींत वाटली जाणारी एकच शिदोरी, यावर अजून वाद आहे. पॉल बेज आणि मसूद हुसेन यांनी २००८ साली दुसऱ्या बाजूने चांगला युक्तिवाद केला. गोष्टी वाढल्या की प्रत्येकीची आठवण ढोबळ होत जाते, असे त्यांच्या मोजमापांतून दिसले. 'किती आठवते' या प्रश्नाइतकाच 'किती बारकाईने आठवते' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे.

हे काम मेंदूत कुठे होते, या प्रश्नाला विसाव्या शतकाचा बराच काळ एकच उत्तर होते आणि ते कपाळाच्या मागच्या भागाकडे बोट दाखवत होते. कार्लाइल जेकबसन यांनी १९३० च्या दशकात दाखवले, की माकडांच्या मेंदूचा हा पुढचा भाग निकामी केला तर अन्न कोणत्या वाटीखाली लपवले हे त्यांना थोड्या विलंबानंतर सांगता येत नाही. १९७१ साली अमेरिकेत होआकिन फस्टर व गॅरेट अलेक्झांडर आणि जपानमध्ये कुबोता व निकी यांनी याच भागातील चेतापेशींचे संदेश टिपले. समोर काहीही नसताना, केवळ वाट पाहण्याच्या काळात या पेशी सतत संदेश पाठवत होत्या. पुढे पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या गटाने १९८९ साली दाखवले, की यांतल्या ठरावीक पेशी ठरावीक जागेची आठवण धरताना जाग्या राहतात. हे सगळे प्रयोग उत्तम होते. त्यांवरून निघालेले चित्रही पटण्यासारखे होते: डोक्याच्या मागच्या बाजूचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे मेंदूचा पाहण्याचे काम करणारा भाग, पाहते, पुढचा भाग लक्षात ठेवतो. दृष्टिक्षेत्रावर क्षणाक्षणाला नवे दृश्य आदळत असते, तेव्हा तिथे जुने टिकेलच कसे, हा प्रश्नही या चित्राला आधार देत होता.

चित्र बदलले ते २००९ साली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील स्टेफनी हॅरिसन आणि फ्रँक टाँग यांचा प्रयोग जरा तपशिलात सांगण्याजोगा आहे, कारण त्याची सगळी ताकद मांडणीत आहे. मेंदूचा कोणता भाग किती क्रियाशील आहे हे टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात पडून असलेल्या माणसाला एकामागून एक दोन पट्टेदार आकृत्या दाखवल्या जात. एकीचे पट्टे एका बाजूला कललेले, दुसरीचे जवळजवळ काटकोनात. दोन्ही दाखवून झाल्यावर पडद्यावर '१' किंवा '२' हा आकडा येई. याचा अर्थ, अनुक्रमे पहिलीचा किंवा दुसरीचा कल लक्षात ठेवायचा आणि उरलेली विसरली तरी चालेल. मग ११ सेकंद पडद्यावर त्या आकृत्यांपैकी काहीही नसे. त्यानंतर तिसरी आकृती येई आणि तिचा कल लक्षात ठेवलेल्या कलाहून कोणत्या दिशेला किंचित सरकला आहे, ते सांगायचे असे. दोन्ही आकृत्या प्रत्येक वेळी पाहिल्या जातच होत्या. त्यामुळे त्या ११ सेकंदांत मेंदूच्या एखाद्या भागात एका विशिष्ट कलाची खूण सापडली तर ती पाहण्याची उरलेली पडछाया आहे असे म्हणता येत नाही, ती निवडून धरलेल्या आठवणीचीच खूण असली पाहिजे.

ती खूण सापडली. दृष्टिक्षेत्राच्या अगदी सुरुवातीच्या भागांमधील, म्हणजे डोळ्यांकडून आलेला संदेश मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) जिथे प्रथम पोहोचतो त्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील आणि त्यालगतच्या भागांमधील, क्रियाशीलतेची नक्षी संगणकाने तपासली. माणसाने कोणता कल लक्षात ठेवला आहे हे त्या नक्षीवरून ८० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखता आले. यांतली दोन निरीक्षणे मला सर्वांत बोलकी वाटतात. पहिले असे, की या भागांतील एकूण क्रियाशीलता त्या ११ सेकंदांत बरीच खाली उतरलेली होती आणि काही जणांत तर ती जवळजवळ मूळ पातळीवर होती. कोणता भाग किती पेटला एवढेच पाहणाऱ्या जुन्या पद्धतीला तिथे काहीच दिसले नसते. माहिती होती ती यंत्राने टिपलेल्या मेंदूच्या चित्रातला कोणता कण किंचित जास्त आणि कोणता किंचित कमी क्रियाशील आहे, या मांडणीत. दुसरे असे, की लक्ष दुसरीकडे असताना नुसते डोळ्यांसमोर आलेले पट्टे पाहून जी नक्षी उमटते तिच्यावर संगणकाला शिकवले, तरी त्याला आठवणीची नक्षी ओळखता आली. पाहणे आणि धरून ठेवणे यांची लिपी इथे बरीचशी सारखी निघाली. त्याच वर्षी जॉन सेरेन्सेस आणि सहकाऱ्यांनी रंग आणि कल असे दोन्ही गुण असलेली आकृती दाखवून त्यांपैकी एकच लक्षात ठेवायला सांगितले, तेव्हा प्राथमिक दृष्टिक्षेत्रात सांगितलेल्या गुणाचीच माहिती टिकून असल्याचे दिसले. म्हणजे हा भाग समोर आलेले सगळे जसेच्या तसे साठवत नाही. मेंदूला त्या वेळी ज्याची गरज आहे तेवढेच तो धरतो.

या निष्कर्षाला गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्वांत वजनदार आक्षेप कॅथरीन बेटनकोर्ट आणि याओडा शू यांनी २०१६ साली घेतला. आठवण धरून ठेवण्याच्या काळात पडद्यावर चेहरे आणि इमारतींची चित्रे दाखवली आणि ती येणार हे लोकांना आधीच ठाऊक असले, तर सुरुवातीच्या दृष्टिक्षेत्रांतील आठवणीची खूण नाहीशी झाली. डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्विक खंडात मात्र ती टिकली आणि लोकांची उत्तरे काही बिघडली नाहीत. दृष्टिक्षेत्रातली खूण पुसली जाऊनही माणसाला आठवत असेल, तर ती खूण आठवणीसाठी आवश्यक कशी म्हणायची? प्रश्न रास्त आहे. प्राण्यांवरील प्रयोगही एकमुखी नाहीत. दिएगो मेंडोझा-हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली माकडांत पाहिले, की हालचालीची दिशा ओळखणाऱ्या एका दृष्टिक्षेत्रातील चेतापेशी वाट पाहण्याच्या काळात ती दिशा सतत संदेश पाठवून टिकवत नाहीत. त्याच्या पुढच्याच पायरीवरील क्षेत्रात मात्र असे टिकवणे एकदम दिसू लागते.

तरीही या आक्षेपांनी मूळ म्हणणे कोसळते असे मला वाटत नाही. रोझान रादेमाकर, चैपत चुनहारस आणि सेरेन्सेस यांनी २०१९ साली दाखवले, की आठवण धरताना डोळ्यांसमोर दुसरेच पट्टे आणले, तरी प्राथमिक दृष्टिक्षेत्रात समोरचे पट्टे आणि आठवणीतले पट्टे या दोहोंची माहिती एकाच वेळी सापडते. जिथे नवे आदळते तिथे जुने टिकणार नाही, हे जे गृहीत धरले होते ते बरोबर नव्हते. टिकते कसे, याचे एक उत्तर माकडांवरील प्रयोगात मिळते. टिमो व्हॅन केर्कोर्ले, मॅथ्यू सेल्फ आणि पीटर रुल्फसेमा यांनी २०१७ साली प्राथमिक दृष्टिक्षेत्राच्या थराथरांतले संदेश वेगवेगळे टिपले. डोळ्यांकडचा संदेश मुख्यतः मधल्या थरात येतो, तर आठवणीशी जोडलेली वाढीव क्रियाशीलता वरच्या आणि खालच्या थरांत दिसली. याच थरांत मेंदूच्या वरिष्ठ भागांकडून उलट दिशेने येणारे संदेश पोहोचतात. एकाच क्षेत्रात पाहण्याची वाट आणि आठवणीची वाट काही प्रमाणात वेगळी राहते, ती अशी.

माझ्या मते निर्णायक वजन मात्र ग्रेस हॅलेनबेक, क्लेटन कर्टिस आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासाला द्यायला हवे. व्यत्यय आला की दृष्टिक्षेत्रातील आठवण क्षणभर अंधुक होते आणि पुन्हा सावरते, असे त्यांना दिसले. व्यत्ययामुळे लोकांच्या उत्तरांत ज्या बारीक चुका होत होत्या, त्या कोणत्या बाजूला झुकणार हे सुरुवातीच्या दृष्टिक्षेत्रातील नक्षीवरून आधीच सांगता येत होते. मेंदूच्या इतर भागांवरून ते सांगता येत नव्हते. तीच आठवण अनेक ठिकाणी धरलेली असते, म्हणून एका जागचा धक्का सगळे पुसून टाकत नाही; बेटनकोर्ट आणि शू यांच्या निष्कर्षाचा अर्थही असाच लावता येतो. पण आठवण ढोबळ नको, बारकाईची हवी, असे काम असले की पाहणाऱ्या क्षेत्राची सूक्ष्म लिपी कामी येते. कपाळामागचा भाग बिनकामाचा ठरत नाही. काय धरायचे, काय सोडायचे, केव्हा वापरायचे, हे ठरवण्यात त्याचा हात आहे. परंतु कर्टिस यांच्याच गटाने २०१६ साली मेंदूच्या या पुढच्या भागाचा काही अंश शस्त्रक्रियेत काढावा लागलेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा कोठार म्हणून ज्या ठरावीक भागाचे नाव घेतले जाई तो गेल्यानंतरही जागा लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता शाबूत असल्याचे आढळले. ज्यांची इजा त्याच्या थोडी मागच्या भागात होती त्यांना मात्र अडचण येत होती.

हे सारे जमेस धरले तर आठवण टिकवणे हे पाहण्याचेच, वरिष्ठ भागांच्या सांगण्यावरून पुढे चालू ठेवलेले काम ठरते. त्यातून एक अपेक्षा सरळ निघते. जे काम विशिष्ट दृश्याच्या विशिष्ट लिपीत चालते, त्याचा सराव त्या प्रकारच्या दृश्यासाठी उपयोगी पडावा आणि भलत्याच प्रकारच्या दृश्यासाठी फारसा पडू नये.

अबॅकसच्या बाबतीत ही अपेक्षा थेट तपासली गेली आहे आणि तीही भारतातल्या मुलांवर. सरावलेली मुले समोर पाटी नसतानाही हवेत बोटे हलवत, मनातले मणी सरकवत बेरजा करतात, ते दृश्य पाहणारा थक्क होतो. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ही मुले मनातली पाटी एकसंध चित्र म्हणून धरत नाहीत. ती तिचे स्तंभ पाडतात आणि प्रत्येक स्तंभ त्यातल्या मण्यांच्या मांडणीसह एक वस्तू म्हणून धरतात. वरचा एक मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे, अशी स्तंभाची रचना असते. असे तीन-चार स्तंभच ती नीट धरू शकतात, म्हणजे लक आणि व्होगेल यांना रंगीत चौकोनांत सापडलेली मर्यादा इथेही तशीच आहे. मुलांनी मर्यादा ओलांडलेली नाही, मर्यादेत बसेल अशा हुशारीने संख्या मांडलेली आहे. मला हे कौशल्य खरोखर सुंदर वाटते आणि त्याचे श्रेय मुलांना आणि शिकवणाऱ्यांना द्यायलाच हवे.

पुढचा प्रश्न, अबॅकसने स्मरणशक्ती वाढते का, हा बार्नर आणि सहकाऱ्यांनी गुजरातमधील वडोद्यात तीन वर्षे चाललेल्या अभ्यासात विचारला. सुरुवातीला पाच ते सात वर्षे वयाची २०४ मुले यात होती. कोणी अबॅकस शिकायचा आणि कोणी नेहमीच्या गणिताचा जादा सराव करायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. अबॅकस शिकलेली मुले अंकगणितात पुढे गेली. त्यांच्या कार्यरत स्मृतीत मात्र त्या शिकण्याने फरक पडला नाही. उलट, ज्यांची अवकाशीय कार्यरत स्मृती मुळातच चांगली होती त्यांनाच अबॅकस अधिक चांगला जमला. वर्गातल्या हुशार मुलाकडे बोट दाखवून 'बघा, स्मरणशक्ती किती वाढली' असे सांगणारा माणूस कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करत असण्याचा संभव आहे, हे पालकांनी ओळखावे.

संगणकावरील 'ब्रेन ट्रेनिंग' खेळांची कथाही याहून फार वेगळी नाही. मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरावाच्या कामासारख्याच कामांत तात्पुरती सुधारणा दिसते, पण वाचन, गणित किंवा सर्वसाधारण बुद्धिमत्ता यांकडे ती सरकत असल्याचा पटणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवल्यावर ल्युमॉसिटी या खेळाच्या कंपनीने २०१६ साली २० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. दृष्टिक्षेत्रावरील संशोधन हे या अपयशाचा स्वतंत्र पुरावा नाही, एवढे स्पष्ट करायला हवे. सराव इतरत्र सरकतो की नाही हे शेवटी मुलांवरील चाचण्याच ठरवतात. मात्र त्या चाचण्यांचे निकाल असे का येतात, याचा एक समजण्यासारखा अर्थ या संशोधनातून मिळतो.

शाळांसाठी यातून निघणारी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. पाहणारा भागच आठवण धरत असेल, तर मुळात अस्पष्ट दिसलेल्या गोष्टीची आठवण स्पष्ट असू शकत नाही. फळ्यावरचे उतरवताना वारंवार चुकणाऱ्या, शब्द गाळणाऱ्या मुलाला 'याच्या लक्षातच राहत नाही' असे म्हणून मोकळे होण्याआधी त्याचे डोळे तपासले पाहिजेत. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दृष्टिदोषांच्या तपासणीचा समावेश आहे. ही तपासणी वेळेवर आणि नीट व्हावी, लागेल त्याला चष्मा मिळावा आणि तो मूल वापरते आहे का हे वर्गशिक्षकांनी पाहावे, यावर लावलेला जोर स्मरणशक्तीच्या कोणत्याही वर्गापेक्षा अधिक फळ देईल, असे माझे ठाम मत आहे. दुसरी गोष्ट फळ्याच्या वापराची. आठवणीतल्या आकारासारखेच दुसरे काही समोर आले की आठवण त्याच्याकडे झुकते, हे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा उतरवून घ्यायच्या ओळीशेजारी मागच्या तासाच्या अर्धवट पुसलेल्या ओळी राहू देऊ नयेत, आणि लहान वर्गांत एका वेळी उतरवायचा मजकूर थोडा ठेवावा.

तिसरी गोष्ट शासनाच्या हातातली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातील जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांचा मुख्य रोख निवड झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या, यशाची हमी, फी आणि शिक्षकांची पात्रता यांविषयीच्या खोट्या दाव्यांवर आहे, आणि तो योग्यच आहे. मुलाच्या मेंदूविषयीच्या दाव्यांनाही हाच न्याय लावला पाहिजे. 'अबॅकसने अंकगणित सुधारते' असे कोणी म्हणत असेल तर त्याच्या बाजूने पुरावा आहे, त्याने ते खुशाल छापावे. 'स्मरणशक्ती वाढते' असे छापणाऱ्याने ती कोणत्या चाचणीने मोजली, तो वर्ग न लावलेल्या कोणत्या मुलांशी तुलना केली आणि वर्ग संपल्यावर किती महिन्यांनी पुन्हा मोजली, हे त्याच पत्रकावर तितक्याच मोठ्या अक्षरांत देणे बंधनकारक असावे. आणि ज्याच्याकडे हे देण्यासारखे काही नाही त्याला तो दावा छापण्याची मुभा असू नये.